जबड्यामागची वाट

जामखेडहून खर्ड्याकडे जाताना लागणाऱ्या एका गावात गोरक्षचा मंडप आणि स्पीकरचा धंदा आहे. लग्न असो, बारसं असो, दूध संघाची सभा असो, त्याचा टेम्पो आदल्या दिवशी येऊन उभा राहतो. पण आसपासच्या गावांत लोक त्याला ओळखतात ते त्याच्या पोरीमुळे. सृष्टी तेव्हा चौथीत होती. शाळेला सुट्टी असली की ती बापाशेजारी टेम्पोत बसायची आणि वायरी जोडून झाल्या की माइक तिच्या हातात जायचा. ‘‘नवरीच्या मामांनी जिथं असतील तिथून निघावं, भटजींनी दोनदा घड्याळ बघितलंय,’’ असं ती बिनदिक्कत सांगायची. पंगत बसल्याचं, कुणाची मोटारसायकल वाटेत आडवी लावल्याचं, हरवलेल्या पोराने कसला शर्ट घातलाय ते, सगळं तीच बोलायची. आवाज खणखणीत, शब्द स्वच्छ. एका लग्नात वरबाप म्हणाला होता, ‘‘गोरक्ष, मंडप दुसऱ्याचा घेतला तरी चालंल, पोरगी तेवढी धाडून दे.’’

दिवाळीनंतरच्या लग्नसराईत लोक कुरकुर करू लागले. शब्द कळत नाहीत, तुझा स्पीकर फाटलाय, असं दोघातिघांनी तोंडावर सांगितलं. गोरक्षने वायर बदलली. मग माइक बदलला. मग एका सकाळी मोठा स्पीकर ओट्यावर आणून त्याचं पोटच उघडून बसला. त्याची बायको मुक्ता धुणं वाळत घालत होती. तिने थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, ‘‘स्पीकरला काय बी झालेलं न्हाई. पोरगी घरात बी तशीच बोलती.’’

गोरक्षने सृष्टीला समोर उभं केलं. ‘‘म्हन, हॅलो.’’

ती म्हणाली. माइक नव्हता, वायर नव्हती, तरी आवाज तसाच आला. तोंडात गरम बटाटा धरून बोलावं तसा, जाड आणि गुबगुबीत. गोरक्षने हातातला पेचकस खाली ठेवला.

जामखेडच्या डॉक्टरांनी घसा बघितला, औषध दिलं. आठवड्याने परत बोलावून पुन्हा बघितलं, बॅटरी उजवी-डावीकडे फिरवून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, ‘‘उजवीकडचा टॉन्सिल आत आलाय, पण तो स्वतः मोठा झालेला नाही. त्याला मागून कुणीतरी ढकलतंय. नगरला जा. उशीर करू नका.’’

नगरला एमआरआय झाला. घशाच्या बाजूला, जबड्याच्या मागे, वर कवटीच्या तळापर्यंत पोचलेली एक गाठ निघाली. सुईने तपासणी झाली. ज्या दिवशी तिचा निकाल आला त्या दिवशी गोरक्ष आणि मुक्ता सकाळपासून हॉस्पिटलच्या बाकावर बसून होते. गाठ साधी होती. कॅन्सर नव्हता. नसेच्या वेष्टनावर अशा गाठी वाढतात, लहान मुलांत क्वचितच, पण वाढतात. काढावी मात्र लागणार होती, कारण ती घसा बुजवत चालली होती आणि सृष्टीला झोपेत श्वासाला त्रास होऊ लागला होता.

आता घरात कारभारी शिरला. कारभारी हा मुक्ताचा थोरला भाऊ, साखर कारखान्यात नोकरीला, आणि नात्यातल्या कुणाचंही काही दुखलं की कोणत्या डॉक्टरकडे जायचं ते ठरवणारा. भाचीवर त्याचा फार जीव. तो एमआरआयचे फोटो घेऊन एका मोठ्या शहरातल्या मोठ्या सर्जनला भेटून आला आणि आल्या आल्या म्हणाला, ‘‘दाजी, काम मोठं हाय. खालचा ओठ मधोमध चिरायचा, जबडा मधून कापायचा, पुस्तकासारखा उघडायचा आन् मग गाठ समोर दिसती. नंतर जबड्याला पट्टी ठोकून बसवत्यात. त्यांनी लई केल्यात अशा.’’

सृष्टी दारात उभी राहून ऐकत होती. तिने आपल्या हनुवटीला हात लावला आणि आत निघून गेली. त्या दिवशी ती जेवली नाही. मुक्ता भावाला म्हणाली, ‘‘दादा, हिच्यासमोर बोलायची गोष्ट हाय का ही?’’ कारभारी वरमला. पण त्याचं मत कायम होतं. आजार मोठा तर ऑपरेशनही मोठं हवं.

नगरला ज्यांनी एमआरआय करायला सांगितला होता, त्या डॉक्टर फरहीन. कान-नाक-घसा आणि मान हेच त्यांचं काम. जन्म नगरचाच, शिक्षण बाहेर, आणि आता केडगावला घर. बुटक्या. ऑपरेशन करताना पायाखाली लाकडी पाट घेतात आणि कुणी हसलं तर स्वतःही हसतात. सगळं कुटुंब त्यांच्यासमोर बसलं तेव्हा कारभारीने सुरुवातीलाच मोठ्या सर्जनचं म्हणणं सांगून टाकलं.

‘‘चुकीचं नाहीये ते,’’ डॉक्टर फरहीन म्हणाल्या. ‘‘गाठ फार मोठी असती, हाड खाल्लं असतं, रक्तवाहिनीला चारी बाजूंनी मिठी मारलेली असती, तर मीही जबडाच उघडला असता. पण ही गाठ गुळगुळीत आहे. आजूबाजूच्या गोष्टी तिने ढकलल्यात, खाल्लेल्या नाहीत. आणि सृष्टी नऊ वर्षांची आहे. हिच्या जबड्यात अजून पक्के दात आत बसलेत, बाहेर यायचेत. जबडाही वाढायचाय. त्याला करवत लावायची तर दुसरा मार्गच नाही अशी वेळ यायला हवी.’’

‘‘मग तोंडातनं काढता यील की,’’ गोरक्ष म्हणाला. ‘‘टॉन्सिल तर तिथंच दिसतोय.’’

‘‘दिसतो जवळ. पण टॉन्सिल आणि गाठ यांच्या पलीकडेच मेंदूला रक्त नेणारी मोठी रक्तवाहिनी आहे. तोंडातून गेले तर ती गाठीच्या मागे राहते, मला दिसत नाही. रक्त सुटलं तर कुठून सुटलं ते कळायच्या आत पंचाईत होईल. मला आधी ती रक्तवाहिनी डोळ्यांसमोर पाहिजे. म्हणून मी मानेतून जाणार. जबड्याच्या खाली दोन बोटं सोडून, मानेच्या वळीत चीर. तिथून वर.’’

कारभारीने मान हलवली. ‘‘मॅडम, राग मानू नका. पन एवढ्याशा चिरेतनं वर कवटीपर्यंत हात पोचनार कसा? जबडा तर मधी आडवा हाय. काम अर्धवट राहिलं तर?’’

डॉक्टरांना राग आला नाही. त्यांनी सृष्टीला जवळ बोलावलं. ‘‘कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या मागे बोट ठेव. डावीकडे ठेव, तिकडे गाठ नाही. काय लागतंय?’’

‘‘हाड,’’ सृष्टी म्हणाली.

‘‘आता खालचा जबडा पुढे काढ. खालचे दात वरच्या दातांच्या पुढे. माकड करतं तसं.’’

सृष्टीने काढला. तिचे डोळे मोठे झाले. ‘‘बोट आत गेलं.’’

‘‘बघा. जबडा पुढे आला की मागची फट रुंद होते. जागेपणी तुझे स्नायू आणि मागचा एक पट्टा त्याला धरून ठेवतात, म्हणून थोडीच होते. ऑपरेशनमध्ये तू झोपलेली असशील, मी तो पट्टा सोडवीन आणि जबडा आणखी पुढे घेता येईल. न कापता.’’

गोरक्षने स्वतःच्या कानाखाली बोट लावून जबडा पुढे काढला. मुक्ताने पदर तोंडावर धरून तेच केलं. कारभारी थोडा वेळ अवघडून बसला, मग त्यानेही इकडेतिकडे बघत जबडा पुढे काढला. नेमकी तेव्हाच नर्स दार उघडून आत आली आणि चार माणसं कानाखाली बोट घालून दात विचकत बसलेली बघून तशीच मागे फिरली. सृष्टीला हसू आवरेना. घरच्यांनी तिला किती दिवसांनी हसताना बघितलं होतं.

हसणं थांबल्यावर मुक्ताने विचारलं, ‘‘मॅडम, समजा मानेतनं न्हाईच पोचलं. मग?’’

‘‘मग त्याच वेळी जबडा उघडायचा. तयारी ठेवणार आहे मी. तुम्हाला आधीच सांगून ठेवते.’’

‘‘म्हंजी बारक्या वाटंनं जाऊन मोठ्या वाटंवर येता येतंय. पन आधी जबडा कापला तर मागं फिरता येत न्हाई.’’

‘‘बरोबर.’’

‘‘मग मानेतनंच,’’ मुक्ता म्हणाली. नवऱ्याकडे बघितलं. गोरक्षने मान डोलावली. कारभारीने बहिणीचा चेहरा बघितला आणि टेबलावरचे फोटो गोळा केले.

सृष्टी मात्र जाग्यावरून हलली नव्हती. ‘‘माझा आवाज?’’ तिने विचारलं.

डॉक्टर फरहीन टेबलाला वळसा घालून आल्या. खुर्ची पुढे ओढून तिच्यासमोर बसल्या. ‘‘खरं सांगू?’’

‘‘व्हय.’’

‘‘तुझ्या मानेत दोन नसा शेजारी शेजारी आहेत. एक आवाजाची. दुसरी डोळ्याची पापणी, बाहुली आणि चेहऱ्याचा घाम, असलं बारीकसारीक काम बघणारी. ही गाठ त्या दोघींपैकी एकीवर वाढलीय. आवाजाच्या नसेवर असेल तर आवाज बसेल. शिकून शिकून बराचसा परत येतो, पण पहिल्यासारखा येईलच असं मी म्हणणार नाही. दुसरीवर असेल तर आवाज राहील, डोळ्यात थोडा फरक पडेल.’’

‘‘कुनावर हाय?’’

‘‘मेंदूला रक्त नेणारी आणि तिथून रक्त परत आणणारी, या दोन्ही मोठ्या रक्तवाहिन्या फोटोत एकत्रच पुढे, कातडीच्या बाजूला सरकल्यात. आवाजाच्या नसेची गाठ असती तर बहुतेक त्या दोघींच्या मधे घुसली असती. म्हणून मला वाटतं दुसरी आहे. पण वाटणं वेगळं आणि बघणं वेगळं. आत गेल्यावर कळेल.’’

सृष्टीने विचार केला. ‘‘मला उठल्यावर लगेच सांगा,’’ ती म्हणाली.

‘‘तूच बोलशील. मी कशाला सांगू?’’

ऑपरेशनच्या सकाळी भूल देणारे डॉक्टर काशिफ आधी येऊन सृष्टीशी गप्पा मारून गेले. उंच, शांत माणूस. त्यांची काळजी वेगळीच होती. घसा एका बाजूने बुजलेला, त्यात झोपेचं औषध दिल्यावर उरलेली वाटही मिटायची भीती. त्यांनी सृष्टीला पूर्ण झोपवण्याआधीच बारीक कॅमेऱ्याच्या मदतीने डाव्या नाकपुडीतून श्वासाची नळी खाली उतरवली. नळी नाकातून असली की तोंड मोकळं राहतं, आणि तोंड मोकळं राहिलं की जबडा पुढे ओढता येतो. नळी जागेवर बसली तेव्हा ते फक्त ‘‘झालं,’’ म्हणाले आणि डॉक्टर फरहीन पाटावर चढल्या.

मुलाची मान म्हणजे मोठ्या माणसाची छोटी मान नव्हे. सगळं जवळ जवळ, वरवर आणि नाजूक असतं. ओठाचा कोपरा हलवणारी नस तर जबड्याच्या कडेलाच, कातडीखाली दोऱ्यासारखी. तिला धक्का लागला तर हसताना तोंड वाकडं होतं. डॉक्टर फरहीननी ती शोधून वर उचलून बाजूला केली. लाळेची ग्रंथी पुढे सरकवली. मग त्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या दिसल्या, त्यांच्याभोवती रंगीत रबरी पट्ट्या सैल अडकवून ठेवल्या. दोघींच्या मधे आवाजाची नस होती. पांढरी, ठसठशीत. डॉक्टरांनी ती खालून वर, वरून खाली तपासली. गाठ तिला चिकटून होती, पण तिच्यातून निघालेली नव्हती. गाठ मागच्या, डोळ्याचं काम बघणाऱ्या नसेची होती.

मास्कच्या आड त्या हसल्या असाव्यात, कारण काशिफ म्हणाले, ‘‘चांगली बातमी दिसतेय.’’

‘‘अर्धी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘वरचं टोक राहिलंय.’’

खालचा भाग मोकळा करायला फार त्रास पडला नाही. पण वर, कवटीच्या तळाजवळ, बोट पुढे जाईना. तिथे जबड्याचं हाड आडवं येत होतं आणि गाठीचं डोकं त्याच्या मागे अडकून बसलं होतं. ओढलं तर गाठ फुटायची किंवा आतली एखादी बारीक रक्तवाहिनी तुटायची. डॉक्टरांनी दोनदा प्रयत्न केला, दोनदा हात मागे घेतला. टेबलापलीकडे करवतीचा ट्रे झाकून ठेवलेला होता. मदतनीस सर्जनने त्याच्याकडे बघितलं. डॉक्टर फरहीननी बघितलं नाही. त्यांनी जबड्याच्या कोनामागचा तो पट्टा शोधला, नीट वेगळा केला आणि कापला.

‘‘काशिफ, जबडा पुढे घ्या. सावकाश.’’

काशिफनी कापडाखालून हात घालून सृष्टीचा जबडा पुढे घेतला. फट उघडली, बोटाच्या पेराएवढी. डॉक्टरांचं बोट आत सरकलं, आणखी सरकलं, आणि गाठीच्या डोक्यावरून पलीकडे उतरलं.

‘‘असंच धरून ठेवा.’’

‘‘धरलंय. माझी पाठ भरून आली तर तुमच्याकडे औषध आहे ना?’’

‘‘तुम्हीच भूलतज्ज्ञ,’’ त्या म्हणाल्या, आणि बोटाने हळूहळू गाठ सोडवत आणली. चिकूएवढी गाठ अखंड बाहेर आली. मागची नस वाचवायचा त्यांनी बराच प्रयत्न केला होता, पण ती गाठीच्या आतच विरून गेलेली होती. ती गाठीबरोबर गेली. करवतीचा ट्रे झाकलेलाच परत गेला.

बाहेर येऊन त्यांनी घरच्यांना सगळं सांगितलं. जबडा कापावा लागला नाही. गाठ पूर्ण निघाली. आवाजाची नस शाबूत आहे. कारभारीने हात जोडले आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘चीर केवढी हाय मॅडम?’’ त्यांनी अंगठा आणि तर्जनीत अंतर करून दाखवलं. कारभारी त्या अंतराकडे बघतच राहिला.

नळी दुसऱ्या दिवशी सकाळी काढली. सूज उतरते की नाही याची काशिफना खात्री करून घ्यायची होती. आई-बापाला आत बोलावलं तेव्हा सृष्टी उशाला टेकून बसली होती, मानेवर पट्टी, केस विस्कटलेले. ती एक घोट पाणी प्यायली, खाकरली आणि शेजारच्या यंत्राकडे बोट दाखवून म्हणाली, ‘‘पप्पा, त्या मशीनचा आवाज कमी करायला सांगा. कवाधरनं टुं टुं लावलंय.’’

बारीक होता आवाज, थकलेला होता, पण शब्द न शब्द स्वच्छ. गोरक्ष ‘‘सांगतो’’ म्हणाला आणि बाहेर गेला. बाहेर जाऊन त्याने कुणालाही काही सांगितलं नाही. खिडकीशी उभा राहून डोळे पुसले, नाक शिंकरलं, आणि परत येऊन म्हणाला, ‘‘ते बंद करता येत न्हाई म्हनत्यात.’’

डोळ्यातला फरक त्याच दिवशी दिसला. उजवी पापणी किंचित खाली आली होती आणि उजवी बाहुली डावीपेक्षा लहान होती. डॉक्टर फरहीननी आरसा दिला. सृष्टीने मान वळवता येईल तेवढी वळवून दोन्ही बाजूंनी बघितलं. ‘‘झोप आल्यागत दिसतंय,’’ ती म्हणाली. ‘‘दिसायला अडचन न्हाई पन.’’

खरी गंमत जेवणावरून झाली. पातळ मुगाची खिचडी आली. मुक्ताने पहिला घास भरवला आणि सृष्टी कळवळून ओरडली. उजव्या कानाखाली काहीतरी कचकन चावल्यासारखं झालं होतं. मुक्ता घाबरली, नर्सला हाक मारायला उठली. तेवढ्यात सृष्टीने दुसरा घास गिळला. कमी दुखलं. तिसरा आणखी कमी. पाचव्या-सहाव्या घासाला काहीच नाही. ती पोटभर जेवली. संध्याकाळी पुन्हा पहिला घास, पुन्हा कळ, मग पुन्हा सगळं ठीक.

‘‘होतं असं,’’ डॉक्टर म्हणाल्या. ‘‘ती मागची नस गेली की कानाखालची लाळेची ग्रंथी थोडी बावचळते. पहिल्या घासाला ती एकदम आवळते. आंबट खाल्लं तर जास्त. काही महिन्यांत कमी होत जाईल. धोका काही नाही. फक्त पहिला घास सोसायचा.’’

‘‘पैला सोडून दुसऱ्यापासनं सुरू करता येत न्हाई का?’’ सृष्टीने विचारलं.

डॉक्टर हसून हसून खुर्चीवर बसल्या. ‘‘जमलं तर मलाही सांग.’’

घरी आल्यावर जेवणाची एक पद्धतच पडली. पहिला घास भाकरीचा, कोरडा आणि लहान. ताटं वाढली की सगळे थांबायचे. सृष्टी डोळे मिटून घास तोंडात टाकायची, उजवा खांदा वर घ्यायची, चेहरा लिंबासारखा पिळायची आणि मग सुस्कारा सोडून म्हणायची, ‘‘झालं, जेवा.’’ कळ किती होती तेही ती सांगायची. सुरुवातीला विंचू होता. मग गांधीलमाशी झाली. ती पुन्हा शाळेत जाऊ लागली तेव्हा तिथल्या जेवणाच्या वेळी मैत्रिणींनी हे बघितलं, आणि आठवड्याभरात चौथीचा सगळा वर्ग पहिल्या घासाला खांदा वर घेऊन तोंड वेडंवाकडं करू लागला. बाईंना वाटलं, भाजीत काही आहे. त्यांनी स्वतः चाखून बघितली.

फाल्गुनात ऊन तापलं तेव्हा दुसरी गोष्ट लक्षात आली. खो-खो खेळून सृष्टी घरी आली की चेहऱ्याचा डावा अर्धा लाल आणि घामाने निथळलेला असायचा, आणि उजवा अर्धा कोरडा, गोरटा, नुकताच पावडर लावल्यासारखा. मधोमध रेघ मारल्यागत. पोरं बघायला यायची. पुढच्या गल्लीतला एक म्हातारा मुद्दाम काठी टेकत आला आणि म्हणाला, ‘‘नव्वद पावसाळे काढले मी, असं बघितलं न्हवतं.’’ सृष्टी न कंटाळता प्रत्येकाला समजावून सांगायची. कुठली नस, कुठली गाठ, डॉक्टरांनी जबडा कसा पुढे घेतला, सगळं. बोट कानाखाली लावून जबडा काढायलाही लावायची. कारभारी आला की तो तिच्या शेजारी बसून मधेमधे भर घालायचा. ‘‘मोठी चीर म्हंजी मोठं काम, असं न्हाई बरं का,’’ तो आलेल्या माणसाला सांगायचा. ‘‘वाट कुठली धरली त्याला म्हत्त्व हाय.’’ मुक्ता चुलीपाशी बसून भावाचं हे बोलणं ऐकायची आणि गालात हसायची.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तपासणीसाठी पुन्हा नगरला जायचं होतं. कडा-आष्टीच्या रस्त्याने टेम्पोतच गेली तिघं. नवा एमआरआय झाला. जिथे गाठ होती तिथे आता काहीच नव्हतं. घसा दोन्ही बाजूंनी सारखा दिसत होता. मानेवरची चीर वळीत इतकी मिसळून गेली होती की डॉक्टरांना स्वतःलाच मान वर करायला लावून शोधावी लागली. त्यांनी सृष्टीला हसायला सांगितलं, शीळ घालायला सांगितलं, गाल फुगवायला सांगितलं. ओठाचा कोपरा जागेवर होता. मग ड्रॉवरमधून लिमलेटची गोळी काढून दिली.

सृष्टीने ती तोंडात टाकली. खांदा आपोआप वर गेला. मग खाली आला.

‘‘आज काय?’’

‘‘मुंगी,’’ ती म्हणाली. ‘‘ती पन काळी.’’

डॉक्टरांनी तिची हनुवटी वर करून डोळे बघितले. ‘‘पापणी अजून थोडी खाली आहे. तशीच राहील बहुतेक. पुढे कधी तुला नको वाटली तर एक लहानसं ऑपरेशन करून वर घेता येते. सोपं असतं. घाई नाही.’’

गोरक्षने मुक्ताकडे बघितलं. मुक्ता म्हणाली, ‘‘मुलीची जात हाय, मॅडम. पुढं लोक...’’ आणि मधेच थांबली. पोरीकडे बघून म्हणाली, ‘‘तुला काय वाटतं गं?’’

सृष्टीने भिंतीवरच्या आरशात बघितलं. आधी डावा डोळा झाकून, मग उजवा झाकून. बराच वेळ लावला. डॉक्टर फरहीन थांबून राहिल्या, बाहेर पेशंटची रांग होती तरी.

‘‘राहू द्या,’’ ती शेवटी म्हणाली. ‘‘आता परीक्षा झाली, सुट्टी लागली. सुट्टीत कोन झोपतंय दवाखान्यात? मोठी झाल्यावर वाटलं तर यीन.’’

‘‘बरं,’’ डॉक्टर म्हणाल्या. ‘‘डोळा तुझा. तू ठरव.’’

बाहेर रणरणतं ऊन होतं. हॉस्पिटलच्या कोपऱ्यावर रसवंती होती, घुंगरांचा आवाज करत चरक फिरत होता. गोरक्षने टेम्पो सावलीला लावला. रसवाल्याने विचारलं, लिंबू पिळू का. मुक्ता नको म्हणायच्या आधीच सृष्टी म्हणाली, ‘‘पिळा, माझ्यात दोन फोडी.’’

मुक्ताने डोळे वटारले, पण अडवलं नाही. तिघं बाकावर बसली. सृष्टीने ग्लास दोन्ही हातांनी धरला, मोठा घोट घेतला, क्षणभर एक डोळा बारीक केला आणि मग सगळा ग्लास एका दमात संपवला. डाव्या गालावरून घामाचा ओघळ येत होता तो तिने फ्रॉकच्या बाहीने पुसला. मुक्ताने आपला ग्लास तिच्यापुढे सरकवला आणि स्वतःसाठी दुसरा सांगितला.